खिडकीतून पाणी का येतं? कॅरॅव्हॅनचं रबर, ब्युटाइल टेप आणि सिलिकॉनचा गैरसमज

कोल्हापुरातून गगनबावडा साधारण पंचावन्न किलोमीटर. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. रंकाळ्यावर कोरडी निघालेली गाडी तिथे पोचेपर्यंत वेगळ्याच पावसात शिरलेली असते, आणि रात्री झोपताना कळतं की खिडकीखालची गादी ओली आहे.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलर व्हॅन किंवा जुन्या मिनीबसमध्ये बिछाना, ओटा, सिंक बसवून तिचं फिरतं घर करण्याची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. अशा गाडीत सगळ्यात आधी कुरकुरतं ते खिडकीचं सील. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘वरून सिलिकॉन मारा’. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. का, ते समजायला आधी खिडकी नीट बघावी लागेल.

एका खिडकीत सील किती?

सील म्हणजे दोन भागांमधली फट बुजवणारा मऊ थर. खिडकीत तो एक नसतो, तीन ठिकाणी असतो.

पहिला, खिडकीची ॲल्युमिनियमची फ्रेम आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये. इथे ब्युटाइल टेप असते: चिकट, काळी किंवा करडी, मळलेल्या कणकेसारखी पट्टी. ती सहजी वाळून कडक होत नाही, आणि तेच तिचं काम आहे. दुसरा थर काच आणि फ्रेम यांच्यामध्ये, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘रबर’ किंवा ‘बिडिंग’ म्हणतो तो. तिसरा सरकत्या काचेच्या खाचेत, मखमलीसारखी लव असलेली पट्टी. मिनीबसच्या जुन्या पद्धतीच्या खिडकीत फ्रेमच नसते. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराचं रबर एका बाजूने पत्रा धरतं, दुसऱ्या बाजूने काच, आणि त्यात एक बारीक फिलर पट्टी ठोकून ते आवळलेलं असतं.

कुठला थर गेलाय हे न बघता केलेली दुरुस्ती म्हणजे पोट दुखतंय म्हणून डोक्याला बाम. रबर फाटलेलं दिसतं म्हणून रबर बदललं, पाणी मात्र फ्रेमच्या मागून येत होतं, असं सर्रास होतं.

खिडकी म्हणजे डबा नव्हे, इरलं

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर भातलावणीला वापरतात ते इरलं आठवा. ते काही हवाबंद नसतं. पानं एकावर एक अशी रचलेली असतात की वरच्या पानावरचं पाणी खालच्या पानाच्या पाठीवर पडतं आणि शेवटी बाहेर निथळतं. कौलांचंही तसंच. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट दाखवणं सोपं, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरकती खिडकी याच तत्त्वावर चालते. लवेच्या पट्टीतून थोडं पाणी आत येणार हे ती बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. ते खालच्या खाचेत जमतं आणि खाचेच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या निचऱ्याच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं धूळ, मेलेल्या माश्या आणि लवेचे तंतू यांनी बुजली की खाच भरते, आणि आतली कड ओलांडून पाणी बिछान्यावर उतरतं. ‘खिडकी गळते’ म्हणून आलेल्या गाडीत पहिल्यांदा ही भोकं बघावीत. नायलॉनचा टायबँड किंवा जुन्या टूथब्रशचा एखादा केस आत घालून ती मोकळी करा, खाचेत पेलाभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतं का बघा. पाच मिनिटांचं काम, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

याउलट घडतं तेव्हा खरी पंचाईत होते. कुणीतरी ‘इथे भोक पडलंय’ म्हणून त्यातच सिलिकॉन भरलेलं असतं.

गाडी कलती उभी केली तरी खाच भरते. भोकं एका टोकाला आणि उतार दुसऱ्या टोकाला, असं झालं की निचरा थांबतो. रात्रीच्या मुक्कामाला जागा निवडताना हेही बघायला हरकत नाही.

धावताना गळते, उभी असताना नाही. असं का?

गाडी ताशी ८० किलोमीटरने जाते तेव्हा समोरच्या बाजूवर हवेचा सुमारे ३०० पास्कल दाब येतो. हा दाब पाण्याचा तीन सेंटिमीटर उंचीचा थर वर ढकलून धरू शकतो. समोर तोंड असलेल्या खिडकीच्या फटीतली आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी चढ चढून आत येतं. वेग निम्मा केला की दाब चौथाईवर येतो, म्हणजे ताशी चाळीसला जेमतेम पाऊण सेंटिमीटर. बाजूच्या खिडक्यांवर समोरून दाब येत नाही, पण फोंडा किंवा आंबा घाटात दरीकडून येणारी आडवी झड ते काम करते. म्हणून वॉशिंग सेंटरवर न गळलेली गाडी घाटात गळते, यात नवल नाही.

रबर म्हातारं का होतं?

चार कारणं, आणि चारही एकदमच काम करतात.

ऊन आणि हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडतात. साध्या नैसर्गिक रबराला त्यामुळे आडव्या बारीक चिरा पडतात, भेगाळलेल्या टाचेसारख्या. गाड्यांच्या खिडक्यांना बहुधा ईपीडीएम नावाचं रबर वापरतात. त्याची साखळी ओझोनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त टिकतं. दिसायला दोन्ही काळीच. स्वस्तातलं रबर दोन उन्हाळ्यांत तडकतं त्याचं कारण बहुतेक हेच.

दुसरं, स्वस्त पट्ट्या पीव्हीसीच्या असतात. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उन्हात हळूहळू बाहेर निघून जातं आणि पट्टी कडक होऊन आखडते. कोपऱ्यात रबराची दोन टोकं एकमेकांपासून सरकलेली दिसली, तर समजा की ती आखडली आहे.

तिसरं कारण कायमचं दबणं. कापसाची गादी वर्षभरात चपटी होते तसं सतत दाबलेलं रबर आपली उसळी हरवतं. गादी पिंजून घेता येते, रबर येत नाही. सील हा डिंक नाही, ती दाबलेली स्प्रिंग आहे. उसळी गेली की रबर अखंड दिसत असलं तरी कामातून गेलेलं असतं.

चौथं, धातूचं प्रसरण. एक मीटर लांब ॲल्युमिनियम फ्रेम ४० अंशांच्या फरकाने सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते आणि तेवढाच लोखंडी पत्रा सुमारे ०.५ मिलिमीटर. म्हणजे एप्रिलमधल्या प्रत्येक दिवशी सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या तापलेल्या पत्र्यापर्यंत फ्रेम आणि पत्रा एकमेकांवर ०.४ मिलिमीटर घासतात, आणि रात्री परत येतात. आकडा छोटा वाटतो, पण उन्हाळाभर हे रोज चालतं. कडक झालेला कुठलाही थर इथे सुटणारच. ब्युटाइल टेप सहजी वाळत नाही म्हणूनच ती या जागी टिकते.

आणि एक पाचवं, आपल्या हातचं. गाडी चमकावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा फडका मारायची सवय. पेट्रोलियमचं तेल ईपीडीएमला फुगवतं आणि पिलपिलीत करतं. पहिल्या दिवशी रबर काळंभोर दिसतं, वर्षभरात सैल होतं. साबणाचं पाणी आणि स्वच्छ फडका पुरे. हलत्या झडपेच्या रबराला फार तर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, पण जिथे पुढे कधी टेप चिकटवायची आहे तिथे तेही नको.

गळती नक्की कुठून?

आधी गळती आहे की दव, हे ठरवा. चार माणसं बंद गाडीत झोपली, सकाळी चहा उकळला, की काचेवर आतून पाणी धरतं. पाऊस नसताना सकाळी काच ओली आणि दुपारी कोरडी असेल तर तो श्वासाचा आणि वाफेचा ओलावा आहे. त्याला सील नको, हवा खेळती हवी.

गळतीच असेल तर एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं. जोर नको, बागेला घालतो तितकी धार. सुरुवात खालच्या कडेपासून. तिथे पाच ते दहा मिनिटं, मग दोन्ही बाजू, मग वरची कड, आणि शेवटी छत. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. ज्या टप्प्यावर आत थेंब दिसला तिथेच थांबा. थेंब जिथे दिसतो तिथेच पाणी शिरलं असं मात्र नसतं. ते फ्रेमवरून हातभर सरकून खालच्या कोपऱ्यात टपकतं. खिडकीवर पाणी असताना आत कोरडं आणि छतावर सोडल्याबरोबर ओलं, तर खिडकी निर्दोष आहे. छतावरचा पंखा, दिव्याची वायर किंवा कॅरिअरचे बोल्ट तपासा.

दुसरी युक्ती पंक्चरवाल्याची. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो. इथे उलटं करायचं. सगळ्या खिडक्या बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेईल असा ठेवून पूर्ण वेगाने चालवा आणि बाहेरून कडांवर साबणाचा फेस लावा. फट असेल तिथे फुगे येतील. पावसाळ्यात सगळं ओलंच असताना ही युक्ती पाइपपेक्षा बरी.

उघडझाप होणाऱ्या खिडकीसाठी कागदाची पट्टी रबरावर ठेवून खिडकी बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. दर वितभर अंतरावर ओढून बघा.

शेवटी खिडकीखालच्या प्लायवूडला टोचा मारून बघा. टोक बोटाच्या दाबाने आत गेलं तर लाकूड कुजलेलं आहे, आणि मग नुसतं सील बदलून भागणार नाही.

फ्रेमची खिडकी पुन्हा बसवायची कशी?

बहुतेक कॅरॅव्हॅनच्या खिडकीत बाहेर फ्रेम आणि आत रिंग असते. आतल्या रिंगेचे स्क्रू दोघांना आवळतात आणि मधली भिंत त्यांच्यात चिमटली जाते. काम दोन माणसांचं, अर्ध्या दिवसाचं.

बाहेर एकाने काच धरायची आणि मगच आतून स्क्रू काढायचे. बाहेर कुणी नसेल तर खिडकी थेट रस्त्यावर. जुनी टेप घट्ट असेल तर प्लॅस्टिकची पट्टी हळूहळू सरकवत फ्रेम सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, ॲल्युमिनियमला पडलेला बाक सरळ होत नाही. टफन काच मधोमध लागलेला बुक्का सोसते, पण कडेवर टोक लागलं की चुरा होतो.

मग सफाई, आणि निम्मं काम हेच. जुन्या ब्युटाइलचा गोळा करून तोच उरलेल्या चिकट्यावर टपटप मारा, चिकटाच चिकट्याला उचलतो. बाकीचं टर्पेंटाइनने, आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते थर सोडतं. थिनर रंगाला खातो. काच ॲक्रिलिकची असेल, बाहेरून आणलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये असते तशी, तर थिनर आणि पेट्रोलने तिच्यात जाळीसारखे तडे पडतात.

कापलेल्या पत्र्याच्या कडेवर गंज दिसला तर थांबा. तारेच्या ब्रशने घासून, झिंक प्रायमर आणि रंग देऊन, पूर्ण दिवस वाळू द्या. ट्रॅव्हलरला नवी खिडकी पाडताना ही कापलेली कड बरेच जण उघडीच ठेवतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी गंज सीलखालून सरकत येतो. त्यावर चढवलेली टेप गंजालाच चिकटते, पत्र्याला नाही.

आता टेप. ९०० बाय ५०० मिलिमीटरच्या खिडकीचा घेर २.८ मीटर होतो, म्हणजे दहा मीटरच्या गुंडाळीत तीन खिडक्या. साधारण ३ मिलिमीटर जाड आणि फ्रेमच्या कडेइतकी, २० ते २५ मिलिमीटर रुंद टेप घ्या. ती फ्रेमच्या कडेच्या आतल्या अंगाला लावा आणि न ताणता कोपऱ्यांतून वळवा. सांधा खालच्या बाजूला मध्यावर येऊ द्या, टोकं एकमेकांवर थोडी दाबा. पत्र्याला पन्हळ किंवा घडी असेल तिथे दुसरा थर लागेल.

खिडकी भोकात बसवली की चारी बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवी, नाहीतर प्रसरणाला जागा राहत नाही. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोर, थोडे थोडे आवळा. टेप कडेने बारीक दोरीसारखी बाहेर डोकावली की पुरे. पिळून पिळून आवळलं तर सगळी टेप बाहेर येते आणि मध्ये धातूवर धातू उरतो. सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि ती ‘घट्ट बसवलंय’ या समाधानात होते. दुसऱ्या दिवशी उन्हाने टेप मऊ झाली की स्क्रूंना आणखी एक हलका हात द्या आणि बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पट्टीने कापा. जुने स्क्रू हरवले तर त्याच लांबीचे आणा. पाच मिलिमीटरने जास्त लांब असलेला स्क्रू बाहेर डोकं काढतो.

वरून आणखी खात्री हवी असेल तर सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुगदीची, बारीक रेघ वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना ओढा. खालची कड उघडीच ठेवा. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला तेवढीच वाट असते.

‘एच’ रबराची खिडकी असेल तर?

जुन्या रबराचा वितभर तुकडा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा आणि जुळवून घ्या. ‘ट्रॅव्हलरचं द्या’ एवढ्यावर विसंबू नका. पत्र्याच्या खाचेची रुंदी आणि काचेच्या खाचेची रुंदी दोन्ही जुळायला हव्यात. लांबी घेरापेक्षा एक-दोन टक्के जास्त ठेवा. २.८ मीटरला तीन ते पाच सेंटिमीटर जादा. ताणून बसवलेलं रबर परत आखडतं आणि सांध्यात बोटभर फट पडते. बसवायला साबणाचं पाणी वापरा, तेल नको. फिलर पट्टीचा सांधा रबराच्या सांध्यापासून दूर घ्या. काच बदलावी लागली तर वाहनासाठीची सुरक्षित काचच घ्या. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून आधी माप, मग काच.

थेट पत्र्याला पॉलियुरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली काच मात्र घरी काढू नका. ते काच बसवणाऱ्याचं काम.

‘सिलिकॉनने काय वाईट होतं? दोन वर्षं गळलं नव्हतं की!’

गळलं नसेल. पण सिलिकॉन वरच्या फटीवर झाकण घालतं, मागची मेलेली टेप तशीच राहते. झाकणाला कुठेतरी केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि आता त्याला बाहेर यायला वाट नसते. म्हणजे गळती दिसायची थांबते आणि प्लायवूड आतून कुजायला लागतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, ते ॲल्युमिनियमला आणि उघड्या लोखंडाला खातं. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर रंग बसत नाही, टेप चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड धरत नाही. पुढच्या दुरुस्तीत ते खरवडण्यातच दिवस जातो. वापरायचंच असेल तर बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या, आणि तेही काच आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यापुरतं.

‘मग हे काम कधी करायचं?’

दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत. पत्रा कोरडा, ऊन मवाळ. मे महिन्याच्या दुपारी पत्रा इतका तापतो की टेप च्युइंगगमसारखी तुटते आणि हाताला लागते. मार्चमध्ये केलं तर एप्रिल-मेचा वळीव आपोआप परीक्षा घेतो, कारण तो वाऱ्यासकट आडवा येतो. दुसरी तपासणी खंडेनवमीला, गाडी धुऊन हार घालताना. प्रेशर पाइपचं तोंड रबरावर जवळून रोखू देऊ नका, चांगलं रबरही त्याने उचकटतं.

‘आणि ऐन जुलैत, घाटातच गळायला लागली तर?’

छपराखाली किंवा ताडपत्रीखाली गाडी घ्या, कड फडक्याने आणि मग अल्कोहोलने कोरडी करा. ॲल्युमिनियमची पाठ असलेली ब्युटाइलची रुंद पट्टी आधी दोन्ही उभ्या बाजूंना आणि मग वर लावा, म्हणजे वरची पट्टी उभ्या पट्ट्यांच्या टोकांवर येईल. इरल्याच्या पानांसारखी. ओल्या पत्र्यावर कितीही दाबली तरी ती धरणार नाही. खालची बाजू बंद करायची नाही. पाऊस ओसरल्यावर पट्टी काढून खिडकी उतरवा. ती हिवाळाभर तशीच राहिली तर एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक रंगावर भाजून बसतो आणि काढताना रंगही सोबत येतो.